रांगेचा फायदा सर्वांना… पण आधी कोणाला?

१ एप्रिल १९९९ ला इंटरनेटच्या नियमपत्रांच्या मालिकेत २५४९ क्रमांकाचं एक पत्र दाखल झालं. विषय असा की कबुतराच्या पायाला बांधून डेटा पाठवायचा झाल्यास कोणत्या ग्राहकाला कोणता दर्जा द्यायचा. दर्जे चार होते: कॉनकॉर्ड, फर्स्ट, बिझनेस आणि कोच. माल जड असेल तर शहामृग वापरावं, असा सल्लाही त्यात होता. फक्त ते उडत नाही, त्यामुळे वाटेत पूल लागतील. वाटेत ससाण्यानं कबूतर गिळलं तर पाकिटाचं काय होतं, याचीही गंभीर चेहऱ्यानं नोंद केलेली होती.

तारीख पाहिलीत ना? पण नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या लिनक्सप्रेमी मंडळींनी हा एप्रिल फूल मनावर घेतला. एप्रिल २००१ मध्ये त्यांनी खरोखरची कबुतरं उडवली. ९ पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, पाठवली, ४ उत्तरं आली. म्हणजे गळती ५५ टक्के, आणि सर्वात चपळ उत्तराला ५३ मिनिटं लागली. आपल्याकडे मात्र हा विनोद नव्हता. ओडिशा पोलिसांकडे १९४६ पासून कबुतरांची टपाल सेवा होती, आणि नियमपत्र २५४९ निघालं त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात वायरलेस बंद पडलं तेव्हा या कबुतरांनी निरोप पोचवले.

कोणाला कोणता दर्जा द्यायचा, या सगळ्या उठाठेवीला नेटवर्कवाले ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे. रांग लागलीय, खिडकी एकच, आता कोणाला आधी सोडायचं ते ठरवा. वेग हा त्यातला एकच मुद्दा. पॅकेटला पोचायला किती वेळ लागतो, तो वेळ दर खेपेला सारखा असतो का, आणि वाटेत किती पॅकेटं गळतात, हेही तितकंच मोजलं जातं. जाहिरातीत मात्र फक्त एमबीपीएस. लोकल ताशी १०० किलोमीटरनं धावते हे सांगायचं आणि ती अर्धा तास उशिरानं येते हे गिळायचं, त्यातलाच प्रकार.

अर्जंट, लाइटनिंग आणि राष्ट्राध्यक्षांचं बटण

इंटरनेटचं मूळ वचन भलतंच प्रामाणिक आहे. ‘प्रयत्न करतो, पोचलं तर पोचलं.’ तांत्रिक भाषेत याला ‘बेस्ट एफर्ट’ म्हणतात. (सरकारी कचेरीत यालाच ‘बघू’ म्हणतात.) तरीही १९८१ मध्ये आयपीचे नियम लिहिले गेले तेव्हा प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर निकड लिहायला जागा ठेवली होती, तीन बिटांची. तीन बिटांत आठ पायऱ्या मावतात. सर्वात खाली ‘रुटीन’, मग ‘प्रायॉरिटी’, ‘इमिजिएट’, ‘फ्लॅश’, ‘फ्लॅश ओव्हरराइड’ अशी चढण.

ही नावं युद्धपटातली वाटतात, कारण ती लष्करातूनच आली. अमेरिकी लष्कराचं ऑटोव्हॉन नावाचं टेलिफोन जाळं होतं. त्याच्या फोनवर नेहमीच्या बारा बटणांच्या उजवीकडे चार जादा बटणं असत. त्यातलं सर्वात वरचं, फ्लॅश ओव्हरराइडचं, राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या आसपासच्या मोजक्या मंडळींसाठी. ते दाबलं की लाइन रिकामी व्हायची, म्हणजे त्या लाइनवर जो कोणी बोलत असेल त्याचा कॉल सरळ तुटायचा.

आपल्या आईवडिलांना हे नवं नाही. ट्रंक कॉलचे ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर्जे होते आणि पैसेही चढत्या भाजणीचे. कानपूर आणि लखनौच्या मध्ये १९६० साली देशातलं पहिलं एसटीडी सुरू झालं, तरी गावोगावी ते पोचेपर्यंत ‘लाइटनिंग लावा हो’ म्हणून ऑपरेटरला विनवणाऱ्या दोन पिढ्या गेल्या.

इंटरनेटवर ही पद्धत का चालली नाही? लाइटनिंगला पैसे पडायचे, कपाळावरचे बिट फुकट होते. फुकटात ‘तातडीचं’ लिहिता येत असेल तर साधं कोण लिहील? लग्नपत्रिकेवर ‘अगत्य येण्याचे करावे’ सगळ्यांनाच छापून जातं, त्यातलं खरं अगत्य कोणासाठी ते यजमानालाच ठाऊक. परक्या नेटवर्कमधून आलेल्या पॅकेटच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही, सीमेवरच ती पुसून टाकायची, असा रिवाज मग कित्येक कंपन्यांत पडला. आजही आहे.

चारशे यार्डांचा ट्रॅफिक जॅम

ऑक्टोबर १९८६. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ, अंतर सुमारे ४०० यार्ड. मधली जोडणी सेकंदाला ३२ हजार बिटांची होती, ती घसरून ४० बिटांवर आली. चाळीस! म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. माणूस चालत जाऊन कागद देऊन आला असता.

कारण अगदी आपल्या चौकातलं. पॅकेट पोचलं नाही असं वाटलं की प्रत्येक कॉम्प्युटर तेच पुन्हा पाठवायचा, त्यानं गर्दी वाढायची, मग आणखी पॅकेटं अडकायची आणि सगळे आणखी जोरात पाठवायचे. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावरचा उतारा मांडला. सुरुवात सावकाश करायची, जागा दिसली तर वेग वाढवायचा आणि पॅकेट हरवलं की निमूटपणे मागे हटायचं. म्हणजे सगळे हॉर्न वाजवत असताना आपण ब्रेक लावायचा. ट्रॅफिक पोलीस नेमावा न लागता, निव्वळ शहाणपणाच्या नियमावर हे जाळं उभं राहिलं. पुण्यात हा प्रयोग अजून व्हायचा आहे.

डॅनिश गणितज्ञाची रांग

रांगेचं शास्त्र इंटरनेटहून कितीतरी जुनं. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या गर्दीवर पहिला निबंध छापला. टेलिफोन वाहतूक मोजायच्या एककाला आजही ‘एरलांग’ म्हणतात.

रांगेच्या गणितातला सर्वात चटका लावणारा आकडा सांगतो. एक खिडकी, माणसं येतील तशी येताहेत. खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर एकाच्या कामाला जितका वेळ लागतो साधारण तितकाच तुम्हाला थांबावं लागतं. खिडकी ९० टक्के वेळ कामात असेल तर नऊ पट. ९९ टक्क्यांना नव्व्याण्णव पट! काम दुप्पटही झालं नाही, पण थांबणं शंभर पटींच्या घरात गेलं. कालपर्यंत ठीक चाललेलं वायफाय आज संध्याकाळी अचानक मान का टाकतं, याचं उत्तर बहुतेकदा या वळणावर सापडतं.

एरलांगचा दुसरा हिशेब त्याहून खुमासदार. १० लाइन आहेत आणि शंभरातला एकच कॉल परत जावा अशी अट आहे, तर त्यावर जेमतेम साडेचार लाइनभर गप्पा मावतात. १०० लाइन असतील तर त्याच अटीत ८४ लाइनभर! दहापट लाइन, पण काम जवळजवळ एकोणीसपट. वेगवेगळी नेटवर्कं एकत्र वापरायचा खटाटोप का करतात, तर यासाठी. चार घरांच्या चार टाक्यांपेक्षा सोसायटीची एक मोठी टाकी बरी. (भांडणं वेगळी.)

आणि टाकी वाढवायची हौस अंगाशीही येते. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या जाणकारानं घरच्या इंटरनेटवर मोठी फाइल चढवली आणि बाकी सगळं गुडघ्यावर आलं. शोध घेतला तेव्हा दोषी निघाली मेमरी. ती स्वस्त झाल्यामुळे मॉडेम आणि राउटर बनवणाऱ्यांनी सढळ हातानं मोठी गोदामं बसवली होती. हेतू चांगला, एकही पॅकेट फेकायला नको. पण पॅकेट गोदामात सेकंद-दोन सेकंद पडून राहिलं, तर जेकबसनच्या नियमाला गर्दीचा पत्ताच लागत नाही. या रोगाचं नाव ‘बफरब्लोट’, म्हणजे पोट फुगणं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच जेकबसन यांनी औषध काढलं: फार वेळ ताटकळणाऱ्या रांगेतलं एखादं पॅकेट वेळीच फेका, पाठवणारा सावध होतो.

पॅरिसची मेट्रो, चर्चगेटची लोकल

पॅरिसच्या मेट्रोत पूर्वी फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास होते. डबे सारखे, आसनं सारखी, पोचायची वेळही सारखी. फरक फक्त तिकिटात. मग जादा पैसे कोणी का द्यावे? कारण इतर बहुतेक जण देत नाहीत, म्हणून तिथे गर्दी कमी! १९९१ मध्ये पॅरिसनं हे वर्ग मोडीत काढले, पण त्या दशकाच्या अखेरीस अँड्र्यू ओडलिझ्को या गणितज्ञानं इंटरनेटसाठी हीच युक्ती सुचवली. एकाच वायरीचे दोन भाग करा, एक महाग ठेवा, बाकी काही करू नका. गर्दी आपोआप वाटली जाईल.

मुंबईकराला हे समजवायला गणितज्ञ लागत नाही. आपल्या फर्स्ट क्लासला गादी जरा बरी असते हे खरं, पण सकाळी साडेआठच्या विरार फास्टमध्ये त्या गादीचं दर्शन किती जणांना होतं? माझं मत विचाराल तर ओडलिझ्कोनं बोरिवलीला एक फेरी मारायला हवी होती. फर्स्ट क्लासही तुंबला की पैसे मोजलेला प्रवासी दुप्पट चिडतो, हा भाग त्याला तिथे दिसला असता.

शिवनेरीचं तिकीट, रिक्षावाल्याला

खरी धमाल आहे ती नेटवर्कांच्या मिश्र वस्तीत. कोल्हापूरची आजी टोरंटोतल्या नातवाशी बोलते तेव्हा तिचा आवाज घरातल्या वायफायवरून फायबरमध्ये, तिथून समुद्राखालच्या केबलमध्ये आणि शेवटी कॅनडातल्या मोबाइल टॉवरवर चढतो. प्रत्येक ठिकाणी राज्य वेगळं, भाषा वेगळी आणि ‘तातडी’ या शब्दाचा अर्थही वेगळा. तुमच्या हातात शिवनेरीचं आरक्षण असेल, पण स्वारगेटला उतरल्यावर रिक्षावाल्यासाठी त्याची किंमत शून्य.

एक खराखुरा नमुना बघा. १९९८ पासून पॅकेटच्या कपाळावर तीनऐवजी सहा बिटांची चिठ्ठी आहे, म्हणजे ६४ प्रकार. त्यात आवाजाला ४६ हा मानाचा आकडा. वायफायमध्ये मात्र आठच पायऱ्या. मग भाषांतर कसं करायचं? कित्येक उपकरणांनी सोपा मार्ग काढला. सहातले पहिले तीन बिट घ्या, उरलेले सोडा. ४६ चे पहिले तीन बिट घेतले की येतात ५. आणि वायफायच्या कोष्टकात ५ म्हणजे व्हिडिओ! आवाजाची रांग ६ आणि ७ ची. म्हणजे वायरीतून राजेशाही थाटात आलेला आवाज शेवटच्या दहा फुटांत एक पायरी खाली उतरतो. दोन भाषांमधला हा शब्दकोश नीट लिहून निघायला २०१८ उजाडलं.

त्याच कोष्टकात आणखी एक गंमत दडलीय. ० हा दर्जा साधा, १ आणि २ त्याच्याही खाली, आणि ३ पुन्हा साध्याच्या रांगेत! पडद्यामागची कामं, फाइलींच्या रात्रीच्या नकला वगैरे १ आणि २ मध्ये. आपल्या शाळेत शून्य मिळालेल्या पोराला कोणी एक मिळालेल्याच्या पुढे बसवलं असतं तर पालकसभा गाजली असती.

मोबाइलवाले तरी सरळ असतील? ४जी मध्ये कॉलच्या आवाजाला वर्ग १, पण अग्रक्रम दुसरा. पहिला अग्रक्रम वर्ग ५ ला, कारण तो कॉल जोडण्याचा संदेश वाहतो. आधी घंटा वाजायला हवी, मग गप्पा. आणि आवाजाला टॉवरच्या जाळ्यात १०० मिलिसेकंदांची सवलत असताना ऑनलाइन गेमच्या वर्गाला फक्त ५०. अभियंत्यांनी लेखी कबूल केलंय की आईचा फोन जरा उशिरा पोचला तरी चालेल, गोळी वेळेवर लागली पाहिजे.

जाता जाता, तडजोडीचा राजा म्हणजे ५३ हा आकडा. टेलिफोनवाल्यांच्या एटीएम या नेटवर्कमध्ये (बँकेच्या यंत्राशी संबंध नाही) प्रत्येक पाकिटात किती बाइट आवाज भरायचा यावर युरोप ३२ म्हणत होता आणि अमेरिका ६४. पाकीट लहान असेल तर फ्रान्ससारख्या देशात प्रतिध्वनी मारणारी महागडी यंत्रं लागणार नव्हती, म्हणून युरोपचा हट्ट. शेवटी बरोब्बर मधला ४८ ठरला, वर ५ बाइट पत्त्याचे. कोणालाच नको असलेला आकडा जगभर चालला.

वायफायची लोकशाही

वायफायमध्ये कोणी साहेब नसतो. हवा मोकळी दिसली की प्रत्येक उपकरण मनात एक आकडा धरतं, तो उलटा मोजतं आणि मग बोलतं. २००५ च्या सुधारणेनं यात हळूच वशिला घातला. आवाजाचं पॅकेट ० ते ३ मधला आकडा धरतं, साधं पॅकेट ० ते १५ मधला. वशिला आहे, पण खात्री नाही. साध्याला ० लागला आणि आवाजाला ३, तर साधं आधी जाऊ शकतं.

या लोकशाहीचा तोटा २००३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी दाखवून दिला. वायफाय सर्वांना सारख्या पाळ्या देतं, सारखा वेळ देत नाही. लांबच्या खोलीत बसलेला एखादा लॅपटॉप रेंज नसल्यामुळे रेंगाळत बोलत असेल, तर राउटरच्या मांडीवर बसलेल्या फोनचाही वेग त्याच्या पातळीला येतो. सभेत सगळ्यांना एकेक प्रश्न विचारायची मुभा दिली आणि एका काकांनी प्रश्नाआधी आत्मचरित्र सुरू केलं, तर दुसरं काय होणार? नव्या राउटरांपैकी काही आता पाळीऐवजी वेळ वाटतात.

मायक्रोवेव्ह ओव्हन आणि वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या चाळीत राहतात, हे तुम्ही ऐकलं असेल. पण त्या ओव्हननं खगोलशास्त्रज्ञांनाही गंडवलंय. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून गूढ लहरी ऐकू येत. २०१५ मध्ये उलगडा झाला: कोणी भुकेला ओव्हन थांबायच्या आत त्याचं दार उघडायचा.

लिफ्टमधली अग्निपरीक्षा

घरच्या वायफायवर सुरू केलेला कॉल बोलत बोलत लिफ्टमध्ये न्यायचा, ही मिश्र नेटवर्कांची सर्वात अवघड परीक्षा. माझा कॉल गेली चार वर्षं दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये तुटतो. सासूबाईंना वाटतं मी मुद्दाम करतो. एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर उडी म्हणजे त्याच कंपनीच्या एका बसमधून दुसऱ्या बसमध्ये बसणं. वायफायवरून मोबाइलवर उडी म्हणजे धावत्या लोकलमधून होडीत. फोनला आधी कळायला हवं की वायफाय मरतंय, पण पूर्ण मरेपर्यंत तो त्याला चिकटून बसतो. आपल्याकडे वायफायवरून कॉल करायची सोय मोबाइल कंपन्यांनी २०१९ च्या डिसेंबरपासून द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून लिफ्टला महत्त्व आलं.

यावर एक चतुर तोडगा म्हणजे दोन्ही होड्यांवर पाय ठेवणं. ॲपलनं २०१३ मध्ये आयओएस ७ मध्ये सिरीसाठी तेच केलं. प्रश्न वायफायवरूनही जातो, मोबाइलवरूनही जाऊ शकतो, जे जिवंत असेल त्यावरून उत्तर येतं. दोन होड्यांवर पाय ठेवणारा बुडतो ही म्हण फक्त माणसांना लागू आहे.

तुमच्या सिमची जात

हे बहुतेकांना माहीत नसतं. प्रत्येक सिममध्ये ० ते ९ पैकी एक वर्ग कोरलेला असतो, चिठ्ठ्या टाकल्यासारखा. आपत्तीत गर्दी उसळली की नेटवर्क पाळीपाळीनं यातले काही वर्ग बंद ठेवू शकतं. शिवाय ११ ते १५ हे खास वर्ग आहेत: सुरक्षा यंत्रणा, वीज-पाण्यासारख्या सेवा, आणीबाणीची पथकं आणि खुद्द मोबाइल कंपनीचे कर्मचारी. ७ जुलै २००५ ला लंडनच्या बाँबस्फोटांनंतर ऑल्डगेट स्थानकाभोवती साधारण एक किलोमीटरच्या परिसरात एका नेटवर्कवर हा दरवाजा काही तास खरोखर लावला गेला. आतल्या सामान्य माणसांचे फोन मुके झाले, आणि हे करायला हवं होतं का यावर नंतर बराच खल झाला.

आपल्याकडे खल झाला तो रुपयावरून. कॉल तुटला की ग्राहकाला १ रुपया द्या, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम दूरसंचार नियामक ट्रायनं १ जानेवारी २०१६ पासून लागू केला. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला. माझ्या लिफ्टनं मला चार वर्षांत चांगली थाळी खायला घातली असती!

मार्च २०२० मध्ये मात्र कोर्टकचेरीशिवाय एक गोष्ट घडली. टाळेबंदीत अख्खा देश एकदम नेटवर बसला, तेव्हा व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांनी मोबाइलवर १४ एप्रिलपर्यंत एचडी बंद करून साधं चित्र द्यायचं मान्य केलं. चित्र जरा धुरकट झालं आणि जागा मोकळी झाली. व्हिडिओला ते परवडतं, कारण तो पुढचं थोडं आधीच भरून ठेवतो. आवाजाला ते परवडत नाही. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांत पोचला तर गप्पा सुरळीत चालतात असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्याहून बराच उशीर झाला की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात आणि मग ‘नाही, नाही, तू बोल’. ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावरून वर-खाली जायलाच आवाजाला पाव सेकंद लागतो, म्हणून जुन्या परदेशी कॉलवर सगळेच अतिशय सभ्य वाटायचे.

आणि पलीकडचा माणूस गप्प बसला की त्याचा फोन जागा वाचवण्यासाठी आवाजाची पॅकेटं पाठवणं जवळजवळ थांबवतो. पण एकदम शांतता झाली तर आपण ‘हॅलो? हॅलो?’ करत कॉल तोडू, म्हणून अशा वेळी कानात येणारी ती बारीक खरखर तुमचा स्वतःचा फोन बनवत असतो.